सेनापती कसा पळतो

विचार करून पाऊल टाकावं, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. त्या थोरामोठ्यांना एकदा पायवाल्यासमोर आणून बसवायला हवं. त्यानं विचार करून पाऊल टाकायला सुरुवात केली आणि त्याच दिवशी ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनपुढे तोंडावर आपटला.

पायवाला हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तो ज्या कंपनीत होता तिथे व्हिडिओ गेम बनवत, आणि एका गेमच्या मागे इतकी माणसं इतकी वर्षं खपत की कोण काय करतो एवढंच शेवटी लक्षात राही. एकजण नुसते दगड बनवायचा, तो दगडवाला. एक बाई पात्रांचे केस वाऱ्यावर उडवायच्या कामावर होती, ती केसवाली. उडवून उडवून तिला केसांचा इतका वीट आला होता की स्वतःच्या डोक्यावरून तिनं मशीन फिरवून घेतलं होतं. आणि पात्रांना हलवणारा, चालवणारा तो पायवाला. चालणं त्यानं झकास जमवलं होतं. चढणं, उतरणं, लंगडणं, दारू पिऊन झोकांड्या खाणं, सगळं पास झालं होतं. घोडं अडलं ते पळण्यावर.

गेमचा नायक होता एक सेनापती. पाठीवर तलवार, ढाल, तंबू आणि आठवड्याचा शिधा घेऊन हा गडी जळत्या शहरातून पळत सुटतो, आणि वर आकाशात बैलाएवढ्या पंखवाल्या पाली आग ओकत असतात. अशा ह्या गेमच्या दिग्दर्शकाला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे वास्तव. उठता बसता त्याच्या तोंडी हा शब्द असे, म्हणून पाठीमागे सगळे त्याला वास्तवसाहेब म्हणत.

"ह्यात वास्तव नाही," पळणं पहिल्यांदा दाखवलं तेव्हा साहेब म्हणाले.

"साहेब, पंखवाल्या पालींत तरी कुठे आहे?" पायवाल्याला राहवलं नाही.

"पंखवाली पाल कोणी बघितलीय का? नाही ना? मग ती कशीही उडव. पळणारा माणूस मात्र सगळ्यांनी बघितलाय. तिथे खोटं लगेच उघडं पडतं."

मुद्दा बिनतोड होता, म्हणून तर त्याचा जास्त राग आला. पायवाला परत जाऊन बसला. पुढच्या वेळी साहेब म्हणाले, "ह्याचं वजन कुठेय? ह्याला कोणीतरी वरून दोरीनं धरून नाचवल्यासारखं वाटतंय." त्यानं वजन घातलं. साहेब म्हणाले, "आता ह्याच्या पोटात दुखतंय." त्यानं पोटदुखी काढली. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली, मान तिरकी केली, बराच वेळ सेनापतीच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "पळतोय खरा. पण मागे कोण लागलंय ते पायांत दिसत नाही."

ह्या धंद्यात एक रीत आहे. पात्राला जे करायला लावायचं ते आधी आपण करायचं, त्याचं चित्रण करायचं आणि मग एकेक चित्र थांबवून बघत बसायचं. त्यामुळे ऑफिसात कोणी टेबलाखाली रांगत असे, कोणी आरशासमोर मरत असे, आणि कोणाला त्याचं काही वाटत नसे. कोणी खरोखर घसरून पडला तर आधी मोबाइल काढायचा आणि मग हात द्यायचा, हा तिथला शिरस्ता होता. पायवालाही रोज लांबलचक कॉरिडॉरमध्ये कॅमेऱ्यासमोरून पळून दाखवी. एकदा तर भीती खरी दिसावी म्हणून साहेब स्वतः आग विझवायचा लाल सिलिंडर उचलून त्याच्या मागे लागले. लिफ्टपर्यंत पोचता पोचता साहेबांच्याच तोंडाला फेस आला. चित्रण बघितलं तर त्यात साहेबांचंच पळणं जास्त खरं वाटत होतं, पण ते त्यांना सांगायची कोणाची छाती झाली नाही.

असे महिने गेले. पायवाला झोपेतून उठला की टाच, जेवायला बसला की गुडघा. रस्त्यानं जाणाऱ्या बायाबापड्यांच्या पायांकडे टक लावून बघतो म्हणून दोनदा लोकांनी त्याला दमात घेतलं. आणि मग ती सकाळ आली. कॉफी आणायला तो उठला आणि मनात म्हणाला, आता बघू, आपण स्वतः कसं चालतो. उजवी टाच टेकते. मग पंजा. त्याच वेळी डावा हात पुढे येतो. का येतो? कोण आणतं त्याला? त्यानं तो हात मुद्दाम आणला. मग उजवा पाय आणला. मग दोघांत आधी कोण, ते त्याला आठवेना. दोन्ही पाय एकमेकांकडे बघत उभे राहिले आणि वरचा माणूस कोसळला.

आजूबाजूच्या सगळ्यांनी आधी मोबाइल काढले. मग त्याला उचलून चाकांच्या खुर्चीत बसवलं.

"चालायचं विसरलास ना?" केसवाली म्हणाली. "होतं असं. मला मागे भांग पाडता येईना. म्हणून तर हे सगळं उडवून टाकलं."

"अगं, पण पाय कसे उडवू?"

"तेही खरंच," ती म्हणाली आणि कामाला लागली.

डॉक्टरांनी गुडघ्यांवर हातोडी मारून बघितली, तळव्यांना गुदगुल्या केल्या, फोटो काढायला लावले. मग चष्मा काढून म्हणाले, "पाय ठणठणीत आहेत. तुम्ही त्यांच्या कामात उगाच लक्ष घालताय."

"मग काय करू?"

"घालू नका."

एवढ्या सल्ल्यासाठी एवढी फी, हे त्याच्या बायकोला जड गेलं. बायको इस्पितळात एक्स-रे काढायची. लोकांच्या तंगड्या आतून बघण्यात तिची हयात गेली होती आणि नवऱ्याच्या तंगड्यांत काही दोष नाही हे तिनं डॉक्टरांच्या आधी सांगितलं होतं. सध्या ती रजेवर होती, कारण घरात एक वर्षाची मुलगी होती. आणि मुलीचं नाव भिंगरी का पडलं ते वेगळं सांगायला नको. त्याच आठवड्यात ती चालायला लागली होती. लागली म्हणजे काय, चालण्याचा वर्ग तिनं गाळलाच. सोफा सोडला तो थेट पळत सुटली.

तर बाप चालणं विसरला आणि लेक पळायला लागली, असा तो आठवडा. ऑफिसनं उदार मनानं खुर्ची घरी न्यायची परवानगी दिली, आणि घरून काम करायची सक्तीही. त्यांचं घर उताराच्या गल्लीत तळमजल्यावर होतं. दारापुढे हातभर अंगण, त्याला लोखंडी फाटक, आणि फाटकाबाहेर गल्ली जी सुरू होई ती खालच्या मोठ्या रस्त्यालाच जाऊन भिडे. पहिल्याच दिवशी किल्ली शोधायला बायकोनं खुर्चीवरचा हात काढला आणि पायवाला बसल्या बसल्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन आला. आला म्हणजे दुकानदारानं आणून सोडला. तेव्हापासून सासूबाईंनी त्याला खुर्चीला बांधून ठेवायला सुरुवात केली.

सासूबाई मुद्दाम मदतीला आल्या होत्या. बाई प्रेमळ होत्या, पण त्यांचं प्रेम आवळून बांधायच्या जातीचं होतं. बॅगेला बांधायचा रुंद पट्टा त्यांनी जावयाच्या पोटावरून घेऊन खुर्चीच्या पाठीमागे कसला आणि म्हणाल्या, "आता कसे शोभताय जावईबापू. कुठे जायचं नाही नि यायचं नाही."

बायकोची रजा सोमवारी संपणार होती. आधी ठरलं होतं ते असं, की तिची दुपारची पाळी असेल तेव्हा भिंगरीला त्यानं सांभाळायचं. त्यानं त्यासाठी खास साहेबांच्या हातापाया पडून दुपारी घरी राहायची सवलत मिळवली होती. बाप झाल्यापासून त्यानं मागून घेतलेली ही एकच गोष्ट.

"आता ते कसं जमायचं?" शुक्रवारी रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या. "पोरगी पळणारी, बाप बसणारा. मी घेऊन जाते तिला माझ्याकडे. मोठी झाली की आणून सोडते."

"मोठी म्हणजे?" त्यानं विचारलं.

"शाळेत जायला लागेल तेव्हा बघू."

त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला. त्यानं बायकोकडे बघितलं. ती ताटात बघत होती.

"तू उभा राहा," ती शेवटी म्हणाली. "रविवारपर्यंत नुसता उभा राहा आणि ह्या खोलीतून त्या खोलीत जाऊन दाखव. मी आईला एकटीला परत पाठवते. पण असा बसून राहिलास तर मी काय करू, सांग. ही दाराबाहेर गेली तर तू काय तिला ईमेल पाठवणार आहेस?"

तिचं चुकत नव्हतं. म्हणूनच त्याला रडू आलं, आणि रडणं डोळ्यांच्या कुठल्या कोपऱ्यातून सुरू होतं ह्याकडे आपलं लक्ष गेलंय हे जाणवून तो आणखीच घाबरला. उद्या रडायचंही विसरलो म्हणजे?

शनिवारी त्यानं पट्टा सोडवून घेतला आणि जमिनीवर बसून दिवसभर भिंगरीकडे बघितलं. म्हटलं, जी ह्या आठवड्यात शिकली तिच्याइतकं ताजं ज्ञान कोणाकडे असणार? भिंगरी आधी पुढे झुकायची. झुकायची म्हणजे सरळ पडायलाच निघायची. आणि ती पडणार एवढ्यात तिचे पाय धावत यायचे आणि तिला सावरायचे. मग ती पुन्हा पडायची, पाय पुन्हा यायचे. असं पडत पडत ती खोली ओलांडायची आणि कपाटाला धडकून खदखदा हसायची.

पायवाल्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पळणं म्हणजे पडणंच की! फक्त दर वेळी पुढच्या पावलावर ढकललेलं. तो खुर्चीत चढून बसला, कॉम्प्युटर चालू केला आणि सेनापती अंगातून पुढे कलता केला, नाकावर आपटेल इतका. मग पाय त्याच्या मागून धाडले, जरा उशिरानं, नाइलाजानं आल्यासारखे. पडद्यावर सेनापती पळाला. पायवाल्याच्या अंगावर काटा आला. शिधा, तंबू, ढाल, सगळ्यासकट एक खराखुरा माणूस जिवाच्या आकांतानं पळत होता.

साहेबांना पाठवल्याबरोबर त्यांचा फोन आला. त्यांचा आवाज भरून आला होता. "अरे, ह्याला पडायची भीती आहे! वास्तव आलं, पायवाल्या, वास्तव आलं! उद्या मी स्वतः येतो. तुझ्यासमोर बसून पास करतो."

फोन ठेवून पायवाला खुर्चीच्या हातांना धरून उभा राहिला. सगळं ज्ञान आता हाताशी होतं. त्यानं डोळे मिटले, अंग पुढे झुकवलं, आणि तो पाय सावरायला येण्याची वाट बघू लागला.

पाय आले नाहीत. सेनापतीचे आले, भिंगरीचे आले, त्याचे काही आले नाहीत. आवाज ऐकून सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, नाकाला बर्फ लावला, त्याला उचलून खुर्चीत ठेवलं आणि पट्टा पुन्हा बांधून आणखी एक भोक आवळला. मग त्या मुकाट्यानं भिंगरीचे कपडे बॅगेत भरायला गेल्या. त्यांनी एका शब्दानंही टोमणा मारला नाही आणि त्याला तेच जास्त लागलं.

रविवारी दुपारी सगळे एकदमच जमले. फाटकाशी सासूबाईंची टॅक्सी उभी होती. ड्रायव्हर बॅगा नेत होता. बायको आत दुधाच्या बाटल्या पिशवीत भरत होती आणि नाक ओढत होती. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध वास्तवसाहेब केसवालीला घेऊन हजर झाले. पंखवाल्या पाली आग ओकताना सेनापतीचे केस जरा जास्तच उडत होते, त्याचाही निकाल लावायचा होता.

साहेब स्टूल ओढून पडद्यासमोर बसले. "लाव," ते म्हणाले.

पायवाल्यानं सेनापती पळवला. साहेबांनी हात जोडले. खरोखर जोडले. "फक्त तो उजवा खांदा," ते म्हणाले, "केसभर खाली घे, की झालं. मग जन्मात पुन्हा ह्याला हात लावायचा नाही."

पायवाल्यानं माउस धरला. खांदा खाली घेताना त्याची नजर पडद्याच्या बाजूला, उघड्या दाराकडे गेली. दारात भिंगरीचा एक बूट पडला होता. अंगणात दुसरा होता. आणि बॅग घेऊन गेलेल्या ड्रायव्हरनं फाटक सताड उघडं टाकलं होतं. फाटकाच्या बाहेर, उतारावर, पुढे कललेली, हात पंखांसारखे पसरलेली, आनंदानं किंचाळत भिंगरी मोठ्या रस्त्याच्या दिशेनं चालली होती. आता गल्लीच तिला पळवत होती आणि सावरायला पाय पुरे पडत नव्हते.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असंही थोरामोठ्यांनीच म्हणून ठेवलं आहे. पायवाल्यानं हातचं सोडलं. माउस टेबलावरून खाली लोंबकळला, सेनापतीचा खांदा कमरेपर्यंत घसरला, आणि पायवाला दाराबाहेर होता.

तो कसा पळाला म्हणाल, तर त्याला पळणं म्हणणं अवघड आहे. पट्टा सोडायला वेळ नव्हता, त्यामुळे खुर्ची त्याच्या पाठीवर होती आणि तिची पाच चाकं मागे हवेत गरगरत होती. तो कमरेत वाकला होता. दोन्ही हात एकाच बाजूला झाले होते. जीभ बाहेर आली होती. एक पाय उंबऱ्यातच चप्पल सोडून आला होता आणि दुसरा आपली चप्पल घट्ट धरून होता. तोंडातून असा काही आवाज निघत होता की गल्लीतली कुत्री भुंकायची विसरून बाजूला झाली. टॅक्सीवर आपटला, औषधाच्या दुकानदाराच्या फळ्यावर आपटला, आणि मोठ्या रस्त्यावरून एक मालट्रक भोंगा वाजवत गेला तेव्हा भिंगरीच्या फ्रॉकची मागची कड त्याच्या मुठीत होती.

तो तिला पोटाशी धरून तिथेच बसला. खुर्ची पाठीला होतीच, त्यामुळे खाली बसायची वेळ आली नाही. भिंगरीला हा सगळा खेळ फार आवडला होता. ती त्याच्या सुजलेल्या नाकावर थापा मारत होती. त्याचं सगळं अंग थरथरत होतं, आणि ते कुठून थरथरतंय हे बघायचं त्याला सुचलंसुद्धा नाही.

मागून बायको धावत आली, साहेब आले, सासूबाई आल्या. केसवाली सगळ्यात शेवटी आली, कारण तिनं शिरस्त्याप्रमाणे आधी मोबाइल काढला होता. बायकोनं भिंगरीला घेतलं नाही. तिनं नवरा, खुर्ची आणि मुलगी, तिघांना एकदमच मिठी मारली आणि मोठ्यानं रडायला लागली.

"बघू, बघू ते," साहेब केसवालीला म्हणाले. दोघं तिथेच दुकानाच्या पायरीवर बसले. त्यांनी चित्रण पुढे नेलं, मागे नेलं, थांबवलं. साहेबांनी मान तिरकी केली. बराच वेळ बघितलं आणि मान हलवली.

"नाही," ते म्हणाले. "हात बघ ना. दोन्ही एकाच बाजूला? आणि ही मान? असं कोणी पळत नाही. ह्यात काही वास्तव नाही."

"बरोबर आहे, साहेब," पायवाला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला साहेबांचा राग आला नाही.

 सासूबाईंनी जावयाच्या मागे जाऊन पट्ट्याचं बक्कल सोडलं, पट्टा गुंडाळून आपल्या पर्समध्ये टाकला आणि वर गल्लीत उभ्या असलेल्या ड्रायव्हरला हाक मारली. "अहो, ती लहान बॅग उतरवा. मोठी राहू द्या, ती माझी आहे."

तेवढ्यात भिंगरी बापाच्या मांडीवरून सुळकन खाली उतरली आणि चढाकडे तोंड करून निघाली. उन्हात रस्ता तापलेला होता आणि तिच्या पायांत बूट नव्हते.

"अगं, थांब!" पायवाला म्हणाला आणि तिच्या मागे गेला. कुठला पाय त्यानं आधी टाकला, ते त्याला अजून सांगता येत नाही.